सोशिक नायिका, कर्ती नायिका

आपल्या घराघरांतून स्त्रीची स्तुती दोन शब्दांनी होते. एखादी 'सोशिक' असते, एखादी 'कर्ती' असते. दोन्ही शब्द गौरवाचेच. परंतु त्यांच्यात अंतर आहे. सोशिक बाई जे वाट्याला येईल ते झेलते. कर्ती बाईही पुष्कळ झेलते. पण काय करायचे आणि काय करायचे नाही, हे ती स्वतः ठरवते व त्या निर्णयाचे ओझे स्वतःच्या खांद्यावर घेते. मराठी कादंबरीचा इतिहास चाळू लागलो की आम्हांला वाटते, ती सुमारे दीडशे वर्षे या दोन शब्दांमधली वाट चालत आली आहे. या लेखात तिची पावले मोजण्याचा प्रयत्न आहे. सोबतीला आहेत नागपूरच्या एक प्राध्यापिका, कुसुमावती देशपांडे.

कुसुमावतींचा जन्म १९०४ साली अमरावतीला झाला. पुण्याची हुजूरपागा, मग नागपूर आणि त्यानंतर थेट लंडन असा त्यांच्या शिक्षणाचा प्रवास आहे. मुलगी इंग्रजी चार इयत्ता शिकली तरी शेजारीपाजारी कुजबुज व्हावी, असा तो काळ. त्या काळात ही वऱ्हाडातली मुलगी इंग्रजी साहित्याची पदवी घेण्यासाठी सातासमुद्रापार गेली. परत आल्यावर कवी 'अनिल' म्हणजेच आत्माराम रावजी देशपांडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात त्यांनी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होते. कचेऱ्या, न्यायालये, महाविद्यालये यांचे हे शहर मराठीभाषकांचे असले, तरी पुण्यामुंबईच्या वाङ्मयीन दरबारापासून दूर होते. या दूरपणाचा कुसुमावतींना तोटा झाला नसावा, फायदाच झाला असावा, असे आमचे मत आहे. तटस्थपणे न्याहाळायला थोडे अंतर लागतेच.

१९५३ साली त्यांचा 'मराठी कादंबरी : पहिले शतक' हा ग्रंथ आला. १८५० ते १९५० या शंभर वर्षांतील कादंबरीची ही तपासणी आजही अभ्यासकांना ओलांडून जाता येत नाही. ज्या वाङ्मयप्रकारात स्त्री हाच वारंवार विषय झाला होता, त्याचा हिशेब एका स्त्रीने मांडला, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. संमेलनाच्या इतिहासातील त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. दुसरी स्त्री, दुर्गा भागवत, त्या आसनावर बसायला १९७५ उजाडावे लागले.

त्या शतकाच्या आरंभी उभी आहे ती यमुना. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी म्हणून तिचा मान आहे, आणि ती लिहिणारे गृहस्थ ख्रिस्ती होते, याचा आपल्या समाजाला विसर पडू नये. पदमनजी मूळचे बेळगावचे. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८५६ मध्ये विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी हे पुस्तक आले. शिकलेली यमुना आणि तिचा समंजस पती विनायक प्रवासाला निघतात. वाटेत ठिकठिकाणी विधवांची दैन्यावस्था त्यांच्या दृष्टीस पडते. पुढे यमुनेवरच वैधव्य कोसळते. अखेरीस ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते व पुनर्विवाह करते.

विलायतेत यापूर्वी दहाच वर्षे, १८४७ मध्ये, शार्लट ब्रॉन्टेची 'जेन आयर' प्रसिद्ध झाली होती. जेन गरीब आहे, अनाथ आहे; परंतु आपली कथा ती आपल्या तोंडाने सांगते. आपली यमुना अजून तशी बोलत नाही. ती पाहते, हळहळते, प्रश्न विचारते. तिच्या डोळ्यांनी लेखक समाज दाखवतो. पुस्तकाचा हेतू बोधाचा आहे आणि तो कोठेही लपलेला नाही. तरीही आम्ही यमुनेला कमी लेखणार नाही. ज्या काळी घरातली बाई उंबरठ्याच्या आत मोजली जाई, त्या काळी मराठीतल्या पहिल्या नायिकेला तिच्या लेखकाने प्रवासाला धाडले. आणि शेवटी तिने जो निर्णय घेतला, तो तिच्या भोवतालच्या कोणालाही रुचणारा नव्हता.

येथे बायबलच्या वाचकांना रूथची आठवण होणे स्वाभाविक आहे. तीही तरुण विधवा. माहेरी परतण्याची वाट मोकळी असताना ती वृद्ध सासूबरोबर परक्या देशात जाते, शेतात सरवा वेचते आणि नवे घर उभे करते. तिच्या हाती शस्त्र नाही, पदरी पैसा नाही. तिचे सारे बळ त्या एका निर्णयात आहे. आपल्या बायबलमध्ये जुडिथचेही पुस्तक आहे. तीसुद्धा विधवाच. तिच्या हाती तलवार आहे, पण तलवार उचलण्याआधी तिने गावच्या वडीलधाऱ्यांना चार खडे बोल सुनावले, हे आपण विसरतो. रूथची निष्ठा काय किंवा जुडिथचे शौर्य काय, मुळाशी स्वतः घेतलेला निर्णय आहे. नायिकेचे बळ शोधायचे ते याच ठिकाणी.

यमुनेनंतर तीसएक वर्षांनी हरिभाऊ आपट्यांची यमू आली. 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. हरिभाऊंनी येथे एक मोठी गोष्ट केली. कथा सांगण्याचे काम त्यांनी यमूकडेच सोपवले. बालपण, सासर, नवऱ्याने हौसेने शिकवलेले लिहिणेवाचणे, मुंबईतले सुखाचे थोडे दिवस, मग वैधव्य आणि बळजबरीने झालेले केशवपन, हे सारे यमू आपल्या साध्या, घरगुती भाषेत सांगते. मराठी वाचकाने प्रथमच पुरुषाच्या व्याख्यानाऐवजी बाईचा आवाज ऐकला. तो आवाज पुरुषाच्या लेखणीतून आला होता, हे खरे. पण इतका खरा उतरला होता की लोक यमूसाठी रडले.

रडले, आणि येथेच अडचण आहे. यमू शेवटी मरते. तिला लिहिता येते, विचार करता येतो, अन्यायही उमगतो. पण तिच्या हातून काही घडावे अशी फट त्या वाड्याच्या भिंतींत नव्हती. हरिभाऊ वास्तवाशी प्रामाणिक राहिले. खोटा सुखान्त करून त्यांनी वाचकांची सुटका केली नाही. परंतु पुढच्या कितीतरी लेखकांनी यातून सोयीचा धडा तेवढा घेतला. नायिकेला भरपूर सोसायला लावावे, अखेरीस मारावे आणि वाचकांचे अश्रू पदरात पाडून घ्यावेत, असा एक साचाच पडला. सोशिक नायिकेची मंदिरे उभी राहिली. मंदिरातल्या मूर्तीला कोणी काही विचारत नाही.

विचारण्याचे काम वामन मल्हार जोश्यांनी केले. १९१६ साली ग्रंथरूपाने आलेल्या त्यांच्या 'रागिणी'चे पूर्ण नाव 'रागिणी अथवा काव्यशास्त्रविनोद' असे आहे, आणि नावाप्रमाणे तीत विनोद म्हणजे बौद्धिक चर्चा भरपूर आहे. रागिणी आणि उत्तरा या स्त्रिया विवाह, धर्म, स्त्रीस्वातंत्र्य यांविषयी पुरुषांच्या बरोबरीने वाद घालतात. आज ती चर्चा लांबलेली वाटते. पण बैठकीत पाण्याचा तांब्या ठेवून आत जाणारी बाई प्रथमच बैठकीत बसून बोलू लागली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या लांबणीचे मोल कळते. १९३० च्या 'सुशीलेचा देव'मध्ये वामनरावांनी याहून अवघड प्रश्न हाती घेतला. सुशीलेची देवाविषयीची कल्पना तिच्या आयुष्याबरोबर बदलत, वाढत जाते. तिचा निष्कर्ष आपणा श्रद्धावंतांना मान्य होईलच असे नाही. पण देवाविषयी विचार करण्याचा अधिकार बाईला आहे आणि तो विचार कादंबरीचा विषय होण्याइतका गंभीर आहे, हे वामनरावांनी गृहीत धरले. स्त्रीचा धर्म म्हणजे उपासतापास आणि सोवळेओवळे, असे मानणाऱ्या समाजात हे लहान धाडस नव्हते.

त्याच १९३० साली डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकरांची 'ब्राह्मणकन्या' आली. केतकर म्हणजे ज्ञानकोशकार. ज्ञानकोशाच्या प्रचंड कामाचा आरंभ त्यांनी नागपूरहूनच केला होता, आणि आपल्या एका कादंबरीला त्यांनी 'गोंडवनातील प्रियंवदा' असे या प्रदेशाचेच नाव दिले. 'ब्राह्मणकन्ये'ची नायिका कालिंदी. आईच्या कुळाला लागलेल्या बोलामुळे प्रतिष्ठित समाज तिला आपली म्हणत नाही. ती चिडते, घराबाहेर पडते आणि शिवशरणप्पा नावाच्या व्यापाऱ्याबरोबर लग्नावाचून राहते. हे पाऊल योग्य होते असे आम्ही म्हणणार नाही. कादंबरीतही त्याची किंमत कालिंदीलाच मोजावी लागते. परंतु केतकर तिला विहिरीत ढकलत नाहीत की वाचकांपुढे नाक घासायला लावत नाहीत. चुकलेल्या बाईलाही पुढचे आयुष्य असते, ती पुन्हा उभी राहू शकते, हे त्यांनी दाखवले. दगड मारायला जमलेल्या जमावापुढे प्रभूने काय केले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातले मर्म सांगायला नको.

येथवर यमुना, यमू, रागिणी, सुशीला, कालिंदी अशा पाच नायिका झाल्या. पाचही पुरुषांनी लिहिलेल्या. त्या पुरुषांविषयी आमच्या मनात कृतज्ञता आहे. पण शेजारणीचे दुखणे कितीही आस्थेने सांगितले, तरी शेजारीण स्वतः बोलू लागली की काही वेगळेच ऐकू येते.

ती बोलली १९३३ मध्ये. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला आणि एकच खळबळ उडाली. प्रौढ, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या अविवाहित मुलींची कुचंबणा इतक्या उघडपणे लिहिणारी ही बाई कोण, याचीच चर्चा पुस्तकापेक्षा जास्त झाली. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. दुसऱ्याच वर्षी 'हिंदोळ्यावर' आली. तिची नायिका अचला ही नवऱ्याने टाकलेली; आपल्याला संसाराचा व मातृत्वाचा हक्क आहे की नाही, हे ती समाजाला विचारते. उत्तर कोणाला पटो वा न पटो, प्रश्न ज्याचा होता त्याच्याच तोंडून तो आला होता.

आपल्या विदर्भातही लेखणी उचलली गेली. वाशीमला जन्मलेल्या गीता साने यांनी १९३६ पासून 'निखळलेली हिरकणी', 'वठलेला वृक्ष', 'लतिका' अशा एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या. लग्न झाले म्हणजे बाईचा प्रश्न सुटला, हे त्यांच्या नायिकांना मान्य नाही. नवऱ्याच्या घरात आपले माणूसपण शिल्लक राहते की नाही, हा त्यांचा प्रश्न. विभावरींच्या नावाभोवती जेवढा गदारोळ झाला, तेवढाही गीताबाईंच्या वाट्याला आला नाही. कादंबरीला टीकेपेक्षा मौन अधिक मारते. अलीकडे अभ्यासक त्यांच्याकडे पुन्हा वळू लागले, ही समाधानाची गोष्ट.

१९३४ हे वर्ष या इतिहासात ठळक खुणेचे आहे. 'हिंदोळ्यावर' आणि वामनरावांची 'इंदू काळे व सरला भोळे' या कादंबऱ्या त्या वर्षीच्या, आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भागही त्याच वर्षीचा. 'स्मृतिचित्रे' ही कादंबरी नव्हे, आत्मकथा आहे. पण नायिका लिहू इच्छिणाऱ्याने आधी हे पुस्तक वाचावे, असे आम्ही आग्रहाने सांगू. टिळक पतिपत्नींचा नागपूरशी जवळचा संबंध होता. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने रेव्हरंड टिळक येथे काही काळ राहिले होते. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, झगडल्या, रडल्या, आणि मग स्वतःच्या विचाराने ख्रिस्ताकडे आल्या. नवऱ्याचा निर्णय तो आपला निर्णय, असे त्यांनी मानले नाही. हे सारे त्या सांगतात तेही हसतहसत, स्वतःची फजिती न लपवता. खऱ्या कर्त्या बाईला विनोदबुद्धी असते, हे आमच्या कादंबरीकारांना फार उशिरा उमगले.

आणि आता पुन्हा कुसुमावतींकडे येऊ. त्या केवळ समीक्षक नव्हत्या. 'दीपकळी', 'दीपदान' आणि 'मोळी' हे त्यांचे कथासंग्रह आहेत. या कथांत मोठे कथानक नाही, शेवटी वाचकाला दचकवणारी कलाटणी नाही. नेहमीच्या जगण्यातला एखादा क्षण त्या हलक्या हाताने उचलतात आणि उजेडात धरतात. 'मोळी' हे नावच पाहावे. वादविवाद करणाऱ्या रागिणीच्या मराठीत आता मोळीलाही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जागा मिळाली. कष्टणाऱ्या, अबोल, इतिहासात नाव नसलेल्या माणसांकडे लेखणीने मान वळवली. बळ म्हणजे बंडच असले पाहिजे असे नाही. रोज पहाटे उठून चूल पेटवण्याची जबाबदारी जी बाई कोणी न सांगता घेते, तिच्यातही कर्तेपण आहे. मात्र ते कर्तेपण लेखकाला दिसले पाहिजे आणि त्याची आरती न करता दाखवता आले पाहिजे.

या शतकाचा हिशेब मांडल्यावर आमच्या हाती तीन साध्या कसोट्या लागतात. पहिली, नायिका काही ठरवते का, की तिच्यासाठी सारे इतरच ठरवतात? दुसरी, ठरवल्याचे परिणाम ती भोगते का, की लेखक योगायोगाची होडी पाठवून तिला पैलतीरी नेतो? तिसरी, ती स्वतःच्या भाषेत बोलते का, की लेखकाचे भाषण पाठ म्हणते? या कसोट्यांवर तलवार घेतलेली पुष्कळ वीरांगना उतरत नाहीत आणि मोळी वाहणारी एखादी बाई सहज उतरते.

अर्थात या हिशेबातली एक मोठी उणीव सांगितलीच पाहिजे. वर आलेल्या नायिका बहुतेक पांढरपेशा, उच्चवर्णीय घरांतल्या आहेत. ज्यांच्या घरी वाडाही नव्हता आणि पुस्तकही नव्हते, त्या स्त्रियांचा आवाज मराठीत फार उशिरा पोहोचला. तो आला आत्मकथनांतून. नागपूरच्याच कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ मध्ये निघाले. दलित घरात जन्मलेल्या या बाई संस्कृतच्या प्राध्यापिका झाल्या आणि त्या वाटेवर काय काय सोसावे लागले, हे त्यांनी निर्भीडपणे लिहिले. कथेत ते काम उर्मिला पवार आदी लेखिकांनी केले. नागपूरच्या वाङ्मयाची परंपरा आशा बगे यांनी पुढे नेली. त्यांच्या 'भूमी' या कादंबरीला २००६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिची नायिका मैथिली दोन भाषांच्या, दोन प्रांतांच्या सीमेवर वाढते आणि आपली जमीन आपण शोधते. आरडाओरडा न करता, शांतपणे ठाम राहणारी ही नायिका कुसुमावतींना आवडली असती, असे आम्हांला वाटते.

मग आपल्या घरांतल्या स्त्रियांचे काय? मराठीतली पहिली नायिका यमुना ख्रिस्ती झाली. पण तिच्या लेकी, नाती, पणत्या मराठी कथेत फारशा दिसत नाहीत. वसईहून पहाटेच्या गाडीने भाजीच्या टोपल्या घेऊन मुंबईला जाणाऱ्या आज्या, विदर्भातल्या मिशन रुग्णालयांत रात्रपाळ्या करून भावंडांना शिकवणाऱ्या परिचारिका, आईबापांचा विरोध पत्करून मठात प्रवेश करणाऱ्या मुली आणि तेवढ्याच विचारपूर्वक मठाऐवजी संसार निवडणाऱ्या मुली, यांच्या आयुष्यांत निर्णय कमी आहेत का? आपण त्यांना 'फार सोशिक हो' म्हणून त्यांच्या मृत्यूनंतरच्या प्रार्थनेत चार गोड शब्द बोलतो आणि विषय संपवतो. त्यांनी काय ठरवले होते, हे विचारायचे राहून जाते.

या त्रैमासिकाच्या लिहित्या वाचकांना, विशेषतः भगिनींना, आमची एवढीच विनंती आहे. घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईजवळ बसावे आणि तिने काय सोसले हे विचारण्याबरोबरच तिने आयुष्यात काय काय ठरवले हेही विचारावे. तिचे उत्तर तिच्याच शब्दांत टिपून ठेवावे. तिची बोली शुद्ध करू नये. कथा पुढे केव्हाही लिहिता येईल. नायिका मात्र आज समोर बसलेली आहे.